चिन्ह पुसायला निघालेल्यांना

मतपत्रिकेवरून पक्षांची चिन्हं काढून टाका, उमेदवाराचं नाव आणि फोटो तेवढा ठेवा, म्हणजे लोक पक्ष न बघता माणूस बघतील, ही मागणी आपल्याकडे दर निवडणुकीच्या आगेमागे डोकं वर काढते. ती करणारी माणसं सज्जन असतात, हीच खरी अडचण. लबाडाची मागणी चार शब्दांत उडवून लावता येते; सज्जनाशी वाद घालायला बसावं लागतं. अण्णा हजाऱ्यांनी ही मागणी वर्षानुवर्षं लावून धरली. राज्यघटनेत पक्षाला जागाच नाही, मग मतयंत्रावर पक्षाची निशाणी कशाला, असा त्यांचा सवाल. अश्विनी उपाध्याय यांनी तोच विषय याचिकेच्या रूपात सर्वोच्च न्यायालयात नेला. चिन्हाच्या जागी उमेदवाराचं नाव, वय, शिक्षण आणि छायाचित्र छापा, असं त्यांचं म्हणणं होतं. नोव्हेंबर 2022मध्ये न्यायालयाने ती याचिका फेटाळली. मागणी मात्र न्यायालयाच्या पायरीवर संपली नाही. पनवेलसारख्या शहरात, जिथे 2017नंतर महापालिकेची पुढची निवडणूक व्हायला जानेवारी 2026 उजाडावा लागला, तिथे तर ती सोसायटीच्या सभेपासून रिक्षास्टँडपर्यंत मोठ्या शहाणपणाने मांडली जाते. गटाराला पक्ष नसतो, नळाला पक्ष नसतो, मग नगरसेवकाला कशाला?

घटनेचा मुद्दा आधी हातावेगळा करतो, कारण तो फार वेळ खाण्याच्या लायकीचा नाही. मूळ घटना पक्षांबद्दल गप्प होती, हे खरं. पण 1985मध्ये बावन्नाव्या दुरुस्तीने दहावी अनुसूची आली आणि तिच्यातून राजकीय पक्ष, विधिमंडळ पक्ष, पक्षादेश, सगळं लवाजम्यासह घटनेत येऊन बसलं. नगरसेवकांसाठी महाराष्ट्राने त्याच धर्तीवर वेगळा कायदा केला, महाराष्ट्र स्थानिक प्राधिकरण सदस्य अनर्हता अधिनियम, 1986. महापालिकेच्या स्थायी समितीचे सोळा सदस्य सभागृहातल्या पक्षीय बळाच्या प्रमाणात ठरतात, स्वीकृत नगरसेवकही तसेच. म्हणजे निकालाच्या दुसऱ्या दिवसापासून कोण कुठल्या पक्षाचा हे पै-पैचा हिशेब करून मोजायचं, आणि आदल्या दिवशी मत देणाऱ्याने मात्र ते बघायचं नाही! ही कुठली नीती? पक्ष काढायचाच असेल तर आधी सभागृहातून काढा. मतपत्रिकेवरून काढणं म्हणजे जेवणावळ तशीच ठेवून फक्त यजमानाच्या नावाची पाटी उतरवणं.

दुसरा मुद्दा जास्त वजनदार दिसतो. चिन्ह ही निरक्षरांची सोय होती, आता लोक शिकले, आता ती कशाला? यातला इतिहास बरोबर आहे. 1951-52च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत देशातली साक्षरता जेमतेम अठरा टक्क्यांवर होती. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी काढलेला तोडगा आज वाचताना गंमत वाटते. मतपत्रिकेवर खूण करण्याची भानगडच नव्हती. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, पेटीवर त्याचं चिन्ह, आणि मतदाराने आपला कागद हव्या त्या पेटीत टाकायचा. त्यातल्या लाखो पेट्या विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यातून देशभर गेल्या. 1962च्या सार्वत्रिक निवडणुकीपर्यंत एकच मतपत्रिका आणि तिच्यावर शिक्का ही पद्धत रूढ झाली, आणि चिन्ह पेटीवरून कागदावर आलं. तेव्हापासून ते तिथेच आहे.

पण एखादी गोष्ट निरक्षरांसाठी सुरू झाली म्हणून ती साक्षरांच्या उपयोगाची नाही, हा निष्कर्ष कुठून आला? ब्रिटनचं उदाहरण बघा. तिथे साक्षरतेचा प्रश्न शंभर वर्षांपूर्वीच मिटला होता. 1969पर्यंत तिथल्या मतपत्रिकेवर पक्षाचं नावसुद्धा नसे. आपल्याकडच्या सज्जनांना हवी आहे तशीच, नुसत्या माणसांची मतपत्रिका. त्या वर्षी कायदा बदलून उमेदवाराला आपल्या नावाखाली सहा शब्दांत ओळख लिहिण्याची मुभा मिळाली. मग 1994च्या युरोपीय संसदेच्या निवडणुकीत डेव्हन आणि ईस्ट प्लिमथ या मतदारसंघात रिचर्ड हगेट नावाच्या उमेदवाराने आपली ओळख ‘लिटरल डेमोक्रॅट’ अशी लिहिली. ‘लिबरल डेमोक्रॅट’ हा तिथला मोठा पक्ष. हगेटसाहेबांना 10,203 मतं पडली आणि खरा लिबरल डेमोक्रॅट उमेदवार 700 मतांनी हरला. ती दहा हजार माणसं अंगठाछाप नव्हती. पुढे 1998मध्ये पक्षनोंदणीचा कायदा झाला आणि त्यानंतर ब्रिटिश मतपत्रिकेवर पक्षांची बोधचिन्हं छापली जाऊ लागली. शिकल्यावर चिन्ह सुटतं असं म्हणणाऱ्यांना हे सांगायला हवं, की पूर्ण शिकलेल्या देशाने ठेच खाऊन चिन्ह नव्याने आणलं.

आता पनवेलच्या मतदानकेंद्रात येऊ. महापालिकेच्या 78 जागा वीस प्रभागांत वाटलेल्या. बहुतेक प्रभाग चार जागांचे. मतदार आत गेला की त्याच्यासमोर अ, ब, क, ड अशा चार जागांच्या चार रंगांच्या मतपत्रिका येतात, पांढरी, फिकी गुलाबी, फिकी पिवळी, फिकी निळी. चार वेळा बटण दाबल्याशिवाय मतदान पुरं होत नाही. लोकसभा-विधानसभेला दिसते ती व्हीव्हीपॅटची चिठ्ठी इथे नाही, त्यामुळे चुकलं की चुकलं. खारघरच्या पंचविसाव्या मजल्यावर राहणाऱ्या उच्चशिक्षित माणसाला आपल्या प्रभागातल्या चारही जागांचे सगळे उमेदवार नावानिशी ठाऊक असतात, असं ज्याला वाटतं त्याने त्याला एकदा विचारून बघावं. तो तीन वर्षांपूर्वी इथे राहायला आलेला असतो, सकाळी सव्वासातची लोकल पकडून मुंबईला जातो, रात्री परततो. गावठाणातल्या आगरी-कराडी घरातल्या आजीबाईंना निदान चारांपैकी दोघांची कुळं माहीत असतात. म्हणजे चिन्हाची गरज कामोठ्या-खारघरच्या टॉवरवाल्याला आजीपेक्षा जास्त! निरक्षरतेची कुबडी म्हणून ज्याला हिणवायचं, ते या शहरात शिकलेल्या अनोळखी माणसाच्याच सर्वांत उपयोगी पडतं.

यावर उत्तर येतं, की मग फोटो आहे ना. 2015पासून उमेदवाराचं छायाचित्र मतपत्रिकेवर आलं, आणि 2025मध्ये निवडणूक आयोगाने ते रंगीत आणि चेहरा मोठा दिसेल असं छापायचं ठरवलं. छान झालं, माझी काही तक्रार नाही. पण फोटोने चिन्हाची जागा भरते का, याची परीक्षा महाराष्ट्राने 2024मध्ये दिलेली आहे आणि तिचा निकाल लागलेला आहे. शरद पवारांच्या पक्षाला फेब्रुवारी 2024च्या अखेरीस ‘तुतारी वाजवणारा माणूस’ हे चिन्ह मिळालं. त्याचं अनावरण तर आपल्या रायगड किल्ल्यावर झालं. त्याच वेळी आयोगाच्या मुक्त चिन्हांच्या यादीत ट्रम्पेट नावाचं वाद्य होतं, ज्याला लोक पिपाणी म्हणाले. दिंडोरीत पिपाणीवाल्या अपक्षाला 1,03,632 मतं मिळाली. त्याचं आडनावही भगरे, तुतारीवाले भास्कर भगरेही भगरे. ते तरले कारण त्यांची आघाडी मोठी होती. साताऱ्यात शशिकांत शिंदे तरले नाहीत. उदयनराजे भोसल्यांनी त्यांना 32,771 मतांनी हरवलं आणि पिपाणीला 37,062 मतं पडली. पिपाणीचं प्रत्येक मत तुतारीचंच होतं असं मी म्हणणार नाही. पण लाखभर माणसं एका अनोळखी अपक्षाच्या प्रेमात पडली, असं म्हणायलाही धाडस लागेल.

या दोन्ही ठिकाणी मतपत्रिकेवर फोटो होते. मतदाराने ते पाहिले नाहीत, किंवा पाहूनही त्याची नजर शेवटी चिन्हावरच जाऊन थांबली. फोटोवर विश्वास टाकणाऱ्यांनी या दोन आकड्यांचं काय करायचं ते सांगावं.

चिन्हविरोधक इथे उसळून म्हणतील, बघा, चिन्हानेच घोळ घातला! घोळ चिन्हाने घातला नाही, चिन्हाच्या नियमांनी घातला. त्यावर पुढे येतोच. आधी नावाचं काय ते बघू, कारण चिन्ह गेल्यावर नावच उरणार आहे. 2014च्या लोकसभेला रायगडमध्ये अनंत गीते यांनी सुनील तटकरे यांना 2,110 मतांनी हरवलं. त्याच मतपत्रिकेवर आणखी एक सुनील तटकरे होते, अपक्ष. त्यांना 9,849 मतं मिळाली. तेव्हा घड्याळाचं चिन्ह शेजारी ठळक छापलेलं होतं, तरी जवळपास दहा हजार बोटं चुकली. आता घड्याळ पुसून टाका आणि मग मोजा. आपल्या रायगड जिल्ह्यात पाटील, म्हात्रे, ठाकूर, भोईर, घरत या आडनावांची काय कमतरता? नामसाधर्म्याचा उमेदवार शोधून उभा करणं हा आधीच एक जोडधंदा आहे. चिन्ह काढल्यावर तो मुख्य धंदा होईल.

मग ‘गटाराला पक्ष नसतो’. ऐकायला झकास, टाळ्या हमखास. पण पनवेलकराने हे म्हणावं याचं मला नवल वाटतं. 2016च्या ऑक्टोबरात महापालिका झाली, जुनी नगरपालिका, सिडकोच्या वसाहती आणि 29 गावं एकत्र आली. त्यानंतर वसाहतींत सगळ्यात तापलेला विषय कुठला होता? मालमत्ता कर. सिडको सेवाशुल्क घेत होती आणि महापालिका स्थापनेपासूनचा कर मागत होती; एकाच कचऱ्याचे दोनदा पैसे कशाला, हा लोकांचा प्रश्न. हे गटाराचंच राजकारण आहे, आणि ते नखशिखान्त पक्षीय आहे. 2017मध्ये भाजपचे 51, शेतकरी कामगार पक्षाचे (शेकाप) 23, काँग्रेस आणि राष्ट्रवादीचे दोन-दोन नगरसेवक निवडून आले. कर कुणाच्या बहुमताच्या काळात लागला, विरोध कुणी केला, हे लोकांना नेमकं ठाऊक होतं ते बटणाशेजारच्या चिन्हामुळेच. खारघरच्या लीना गरड भाजपच्या चिन्हावर निवडून आल्या आणि कराच्या प्रश्नावर स्वतःच्याच पक्षाच्या विरोधात उभ्या राहिल्या, पुढे 2024ची विधानसभा त्यांनी उद्धव ठाकरे यांच्या शिवसेनेच्या मशालीवर लढवली. बघा, माणूस पक्षापेक्षा मोठा असतो, असं कुणी यावरून म्हणेल. मला उलट दिसतं. त्यांचं बंड बंड म्हणून ओळखू आलं, कारण त्या कशाच्या आत होत्या हे मतपत्रिकेने आधीच सांगून ठेवलं होतं. बिनचिन्हाच्या सभागृहात बंड कसलं, सगळेच आपापले.

माणूस बघा म्हणणाऱ्यांना पनवेलचा आणखी एक दाखला द्यायचा आहे. दि. बा. पाटील यांच्याइतका मोठा माणूस या भागाच्या राजकारणाने दुसरा पाहिला नाही, हे त्यांच्या विरोधकांनाही मान्य होतं. 1984च्या जासईच्या आंदोलनात पाच जण हुतात्मा झाले आणि त्यातून प्रकल्पग्रस्तांना साडेबारा टक्के विकसित जमिनीचा हक्क मिळण्याची वाट निघाली. पण दि. बा. एकटे लढले नाहीत. गावोगाव शेतकरी कामगार पक्षाची माणसं होती, तरुण होते, आयाबाया होत्या, बैठका होत्या, लाल बावटा होता. तेच दि. बा. उतारवयात शिवसेनेत गेले. तरी 1999च्या लोकसभेला कुलाब्याची जागा शेकापच्या रामशेठ ठाकूरांकडेच राहिली. म्हणजे या मातीतला मतदार माणसाला मान देतो आणि मत देताना निशाणीही बघतो, दोन्ही एकाच वेळी. त्याला अंधभक्त म्हणायचं की संघटनेची किंमत ओळखणारा, हे ज्याचं त्याने ठरवावं. मी दुसरं म्हणतो.

उलट दाखलाही आहे आणि तो लपवण्यात अर्थ नाही. प्रशांत ठाकूर 2009मध्ये पनवेलमधून हाताच्या पंजावर आमदार झाले, 2014मध्ये कमळावर झाले, आणि 2019, 2024मध्येही कमळावरच. त्यांचा मतदार पंजावरून कमळावर त्यांच्याबरोबर गेला, हे दिसतंच आहे. इथे माणूस जिंकला. मान्य. पण काय घडलं ते नीट बघा. 2014च्या मतदाराने बटण दाबताना नावाशेजारी बदललेलं चिन्ह स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आणि तरी ते दाबलं. तो बदल त्याला दाखवून, विचारून झाला. चिन्ह नसतं तर नाव तेच, चेहरा तोच. पक्ष बदलल्याची गोष्ट सभेत बोलली तर बोलली, नाही तर नाही. मतपत्रिकेवरचं चिन्ह हा उमेदवाराचा सातबारा आहे. जमीन कसणारा तोच असेल, पण इतर हक्कांत कुणाचं नाव चढलंय, मध्ये फेरफार झाला का, हे त्यावरच कळतं. साडेबारा टक्क्यांच्या भूखंडांचे व्यवहार पाहिलेल्या पनवेलकराला उतारा न बघता सही करण्याचा सल्ला कुणी देऊ नये.

याच 2024च्या विधानसभेतली एक गंमत. शेकाप आणि उद्धव ठाकरे यांची शिवसेना, दोघेही महाविकास आघाडीत. भाषणांत गळ्यात गळे. पनवेलच्या मतयंत्रावर मात्र शेकापचे बाळाराम पाटील एका बटणावर आणि लीना गरड दुसऱ्या. उरणमध्येही तेच, आणि तिथे भाजपचे महेश बालदी 6,512 मतांनी निसटले. आघाडी आहे की नाही याचं सर्वांत प्रामाणिक उत्तर त्या दिवशी कुठल्याही नेत्याने दिलं नाही, ते चिन्हांच्या रांगेने दिलं.

बिनचिन्हाच्या निवडणुकीचं स्वप्न बघणाऱ्यांना ती पाहायला फार लांब जावं लागत नाही. पनवेल तालुक्याच्या ज्या गावांत अजून ग्रामपंचायत आहे तिथे जा. ग्रामपंचायतीला पक्षाची चिन्हं नसतात. कपबशी, छत्री अशी मुक्त चिन्हं मिळतात. आता महापालिकेत आलेली 29 गावं 2016पर्यंत अशीच मतदान करत होती. तिथे पक्ष नव्हते का? होते. पॅनेल होती, पॅनेलमागे पक्ष होते, पक्षामागे ठेकेदार होते. फरक एवढाच, की निकालाच्या संध्याकाळी महाराष्ट्रातला प्रत्येक पक्ष सर्वाधिक ग्रामपंचायती आमच्याच असं जाहीर करतो, आणि सगळ्यांच्या दाव्यांची बेरीज केली तर ग्रामपंचायतींच्या एकूण संख्येच्या पुढे जाईल की काय असं वाटतं. कुणी खोटं ठरवू शकत नाही, कारण कागदावर काहीच नाही. नवा सरपंच सकाळी एका नेत्याबरोबर पेढे खातो, संध्याकाळी दुसऱ्याबरोबर फोटो काढतो. ही पक्षविरहित लोकशाही आहे असं ज्याला वाटतं त्याला शुभेच्छा. विनोबांनी पक्षमुक्त राजकारणाची कल्पना मांडली. ते शेजारच्या पेण तालुक्यातल्या गागोद्याचे, आपल्याच जिल्ह्याचे. पण विनोबांना पक्ष माणसांच्या मनातून आणि सत्तेच्या रचनेतून जायला हवा होता. मतपत्रिकेवरून पुसून आत तसाच ठेवायचा, ही विनोबांची कल्पना नव्हे, ती सोयीची कल्पना आहे. अमेरिकेत शेकडो शहरांत पालिकेची मतपत्रिका पक्षाविना असते. ब्रायन शाफनर, मॅथ्यू स्ट्रेब आणि जेराल्ड राइट यांनी 2001मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसलं ते असं, की अशा निवडणुकांत मतदान घटतं आणि लोक आधीच पदावर बसलेल्या माणसाकडे जास्त झुकतात. पदावरच्या माणसाला आणखी काय हवं?

राहिला शेवटचा आणि सर्वांत बोचरा आक्षेप. 2022नंतर महाराष्ट्रात चिन्हाचा भरवसा काय उरला? धनुष्यबाण एकीकडे, धनुष्यबाण घडवणाऱ्याचा मुलगा दुसरीकडे. मे 2024मध्ये मावळ मतदारसंघात मत देताना पनवेलकरासमोर श्रीरंग बारणे धनुष्यबाण घेऊन आणि संजोग वाघेरे मशाल घेऊन उभे होते, दोघेही शिवसेना. घड्याळाचंही तेच झालं. मग अशा चिन्हावर मतदाराने का विसंबावं?

या आक्षेपातला संताप मला पूर्ण कळतो, निष्कर्ष कळत नाही. चिन्हाला किंमत नसती तर त्यासाठी दोन-दोन गट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले असते का? दोष आहे तो 1968च्या चिन्ह आदेशाच्या पंधराव्या परिच्छेदात आणि तो वापरण्याच्या पद्धतीत. पक्ष फुटला की आयोग ठरवणार खरा पक्ष कुठला, आणि ठरवताना मुख्यतः आमदार-खासदारांची डोकी मोजणार. सादिक अली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1971मध्ये हा बहुमताचा निकष उचलून धरला. तोवर म्हणजे त्या वर्षीच्या मार्चमधल्या लोकसभा निवडणुकीत काँग्रेसची बैलजोडी गोठवलेली होती, आणि इंदिरा गांधींच्या गटाने गाय-वासरू घेऊन निवडणूक जिंकली. ऑक्टोबर 2022मध्ये अंधेरी पूर्वच्या पोटनिवडणुकीपुरता धनुष्यबाणही असाच गोठला होता. दोन्ही गटांनी त्या वेळी त्रिशूळ मागितला होता, शिंदे गटाने गदाही. धार्मिक अर्थामुळे दोन्ही नाकारले गेले, उगवता सूर्य द्रमुककडे निघाला, आणि शेवटी मशाल एकाला, ढाल-तलवार दुसऱ्याला. तो दिवस मला न्यायाच्या सर्वांत जवळचा वाटतो. दोन्ही गट नव्या निशाणीने लोकांसमोर गेले असते तर वारसा कुणाचा हे मतदारांनी ठरवलं असतं. फेब्रुवारी 2023मध्ये आयोगाने ते लोकांच्या हातून काढून घेतलं. फूट वादग्रस्त असेल तर पुढची सार्वत्रिक निवडणूक होईपर्यंत जुनं चिन्ह कुणालाच नाही, असा नियम करा. भांडण चिन्ह ठेवण्या-काढण्याचं नसून चिन्ह कुणाच्या मालकीचं यावर आहे, आणि त्याचा मालक शेवटी मतदार असला पाहिजे.

आणि पिपाणीचं काय? ऑक्टोबर 2024मध्ये विधानसभेचा कार्यक्रम जाहीर करताना मुख्य निवडणूक आयुक्त राजीव कुमार यांनी सांगितलं, की तुतारीवाल्या माणसाची आकृती यंत्रावर बारीक दिसते ही तक्रार आयोगाने मान्य केली आणि पक्षाने सुचवलेली नवी आकृती घेतली. पिपाणी मात्र वेगळं चिन्ह आहे, ते राहील. पुढे आंबेगावात दिलीप वळसे पाटील 1,523 मतांनी जिंकले. हरलेल्या तुतारीवाल्या देवदत्त निकमांच्याच नावाच्या अपक्षाला पिपाणीवर 2,965 मतं पडली. नाव तेच, वाद्य तसंच. आता ‘वेगळं चिन्ह’ म्हणजे काय, हे कुणाच्या डोळ्यांनी ठरवायचं? वातानुकूलित खोलीत दोन चित्रं शेजारी ठेवून बघणाऱ्या अधिकाऱ्याच्या, की गर्दीच्या केंद्रात यंत्रावर वाकून दोन सेकंद बघणाऱ्या म्हाताऱ्याच्या? ब्रिटिश कायद्यात कसोटी नेमकी ही आहे, की मतदाराची गल्लत होण्याची शक्यता आहे का. असेल तर बोधचिन्ह नोंदवून घेतलंच जात नाही. आपल्या आदेशात ही कसोटी मतदाराच्या बाजूने स्पष्ट लिहायला काय अडचण आहे? मुक्त चिन्हांची यादी भलीमोठी असते, चप्पल, बिस्कीट, फुगा, सगळं तिच्यात. एक पिपाणी कमी झाली तर कुणा अपक्षाचं काय बिघडणार होतं?

मतपत्रिकेवर चिन्ह असतं पण पक्षाचं नाव नसतं, हीही एक विचित्र गोष्ट. पंजा, कमळ, घड्याळ काळ्या-पांढऱ्या रेषांत. खाली एक ओळ पक्षाच्या नावाची छापली तर शिकलेल्याला आणखी सोपं होईल आणि दोन शिवसेनांमधला फरक अक्षरांतही दिसेल. चिन्हविरोधकांच्या साक्षर मतदाराचा खरा कैवार घ्यायचा असेल तर मागणी ही करायला हवी होती.

त्यांचा एक मुद्दा मात्र मी बिनशर्त घेतो, अपक्षांचा. चिन्हांचे नियम अपक्षावर आणि बिगरमान्यताप्राप्त पक्षावर अन्याय करतात. मोठ्या पक्षाचं चिन्ह बारा महिने भिंतीवर, टोपीवर, गाडीवर फिरतं. छोट्या पक्षाच्या हातातलं चिन्ह ऐन निवडणुकीत निसटतं, जसं 2019मध्ये पालघरला बहुजन विकास आघाडीची ओळख झालेली शिट्टी दुसऱ्याच पक्षाकडे गेली आणि आघाडीला ऑटोरिक्षा घेऊन फिरावं लागलं. पनवेलच्या अपक्षाला जानेवारी 2026मध्ये चिन्ह 3 तारखेला मिळालं, मतदान 15 तारखेला. एवढ्या दिवसांत चार जागांच्या प्रभागात आपली छत्री की कपबशी हे हजारो घरांना सांगायचं, तेही शेजारी कमळ आणि मशाल असताना. हे बदलता येतं. उमेदवारी अर्ज भरतानाच मुक्त चिन्ह निवडू द्या, छाननी झाली की लगेच वाटप करा, एकाच चिन्हावर दोघांनी दावा केला तर तिथल्या तिथे चिठ्ठी टाका, माघारीची वाट बघू नका. माघार घेणाऱ्याचं चिन्ह बाद झालं तर कुणाचं काही जात नाही. राज्य निवडणूक आयोग स्थानिक संस्थांसाठी चिन्हांचा आदेश स्वतः काढतो. त्यासाठी संसदेकडे किंवा घटनादुरुस्तीकडे बघत बसण्याचं कारण नाही. पनवेलच्या पुढच्या निवडणुकीआधी हे होऊ शकतं, आणि चिन्ह पुसायच्या अर्जावर सह्या गोळा करणाऱ्यांना तोच कागद यासाठी वापरता येईल.